पिढीनं काका

बामगोल
८ मार्च १९७८

तीर्थरूप दॉक-बे काका,

जमिनीला कपाळ टेकवून नमस्कार. टेकवलं, उठलो, गुडघे धरून दोनदा 'आई गं' म्हटलं. पिढीचा मान झाला, आता वयाचं बोलू. मेल्या, जिवंत आहेस का? नव्या वर्षाला आला नाहीस. तुझ्या वाटणीची तांदळाची दारू शेवटी मलाच संपवावी लागली आणि त्यावरून हिची बोलणीही मलाच खावी लागली.

इकडे आपल्या उनग्ये मूळगावच्या किमांच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघतेय. मागची लढाईच्या आधीची. तिच्यात निम्मी मेलेली माणसं अजून जिवंत आहेत आणि निम्मी पोरं जन्मायचीच आहेत. समिती माझ्या ओसरीवर बसते, माझं जेवते आणि मलाच अक्कल शिकवते. अध्यक्ष कोण, तर पलीकडच्या आळीचे जे-गुन आजोबा. आठवतोय ना? आपण ज्याला ओढ्यात बुचकळून काढायचो तोच. वयानं आपल्याहून लहान, पण पिढीनं माझा आजोबा. त्यामुळे तो मिशीवर हात फिरवत 'बस, बाळ' म्हणतो आणि मी चौसष्ट वर्षांचा घोडा मुकाट बसतो.

परवा त्यानं मूळपुरुषाची गोष्ट पुन्हा एकदा सांगितली. रानात पांढरा कोंबडा आरवला, वर झाडाला सोन्याची पेटी, पेटीत बाळ, आणि त्या बाळापासून आपण सगळे किम. मी म्हटलं, "आजोबा, सोलच्या डोंगरावरून दगड भिरकावला तर तो किमाच्याच टाळक्यात बसतो म्हणतात. एवढं गणगोत एका पेटीत मावलं कसं?" तर म्हणतो, थोरल्या घराच्या धन्यानं असलं बोलू नये. बरं बाबा, नाही बोलत.

तेव्हा तुझ्या पोरानातवंडांची नावं लिहून पाठव. मुलींचीही पाठव. त्यावरून मी भांडलोय आणि जिंकलोय.

नव्या वर्षाच्या सकाळी तुझी फार आठवण झाली. आजोबा मला मानेला धरून तुझ्यापुढं वाकायला लावायचे. 'काका आहे तुझा, कर नमस्कार.' आणि तू, वरच्या ओठापर्यंत शेंबूड, माझ्या डोक्यावर हात ठेवून मोठ्या माणसाच्या आवाजात म्हणायचास, 'सुखी राहा, बाळ.' मग दोघंही मागच्या दारानं पळून गोठलेल्या ओढ्यावर. आता नमस्कार घेणारे खूप झाले रे, ओढ्यावर पळणारं कोणी उरलं नाही.

आमचा नातू सांग-उक तुझ्याकडे जेवायला येतो ना? शाळामास्तर झाला तरी पोटाची काळजी त्याला कळत नाही. मीच त्याला बजावलंय की बुसानमध्ये आपलं घर म्हणजे दॉक-बे आजोबांचं. पोराला जपा.

तुझा पुतण्या,
ग्यू-हान


बुसान
२१ मार्च १९७८

चिरंजीव ग्यू-हान यास अनेक आशीर्वाद. सुखी राहा, बाळ.

शेंबडाचं काढायची गरज नव्हती. काढलंसच तर हेही लिही, की तुझी चड्डी मीच ओढ्यावर वाळवून द्यायचो, नाहीतर तुझ्या आईनं दोघांची सालटी काढली असती.

नव्या वर्षाला येणार होतो, पण कंबरेनं दगा दिला. वाळल्या मासळीच्या पाट्या आता मुलगाच उचलतो. मी दुकानाच्या दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सल्ले देतो. फुकट असल्यानं कोणी घेत नाही.

नावं वेगळ्या कागदावर लिहिली आहेत. नीट छापून घे. तुला हे रोजचं आहे, तुझ्या घरात पितरांची गर्दी आहे. माझं तसं नाही. लढाईत बुसानच्या धक्क्यावर पोरं घेऊन उतरलो तेव्हा माणसावर माणूस होता. झोपायला हातभर जागा मिळेना. एका म्हाताऱ्यानं विचारलं, 'आडनाव?' मी म्हटलं, 'किम.' 'किम पुष्कळ आहेत. कुठले?' मी म्हटलं, 'उनग्येचे.' म्हातारा सरकला. म्हणाला, 'मग एकाच रक्ताचे आपण, पोरांना इकडे निजव.' त्या रात्री मी रडलो होतो. तो म्हातारा कोण कुठला, मला अजून माहीत नाही. पण उनग्येचे किम म्हणून ही नावं छापून आली, की मी सुखानं मरायला मोकळा.

सांग-उक दर शनिवारी येतो. चांगला तीन वाट्या भात खातो, काळजी करू नकोस. माझी नात उन-सिल वाढते त्याला. ही पिढीनं त्याची आत्या ना, त्याच्याहून वर्षानं लहान, पण असला रुबाब करते! 'भाच्या, पाणी आण. भाच्या, ताटं उचल.' तो 'हो आत्या' म्हणत उचलतो आणि दोघं खिदळत बसतात. वयात आलेली पोरगी घरात असताना परक्या मुलाला मी उंबरा ओलांडू दिला नसता. पण आपल्याच घरचं पोर, त्याला काय राखण बसायचं? आम्ही आपले निवांत झोपायला जातो.

पोरीनं मात्र दोन स्थळं नाकारली. इस्पितळात नोकरी करायला लागल्यापासून डोक्यात काय शिरलंय कळत नाही. चांगला मुलगा कानावर आला तर कळव. किम सोडून कोणीही चालेल!

तुझा काका,
दॉक-बे


बामगोल
३ मे १९७८

श्री. किम दॉक-बे यांस,

तुमची झोप झाली असेल तर उठा.

सांग-उक रविवारी घरी आला. माझ्यापुढं गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, 'आजोबा, मला उन-सिलशी लग्न करायचंय.' मला वाटलं कानात काही बिघाड झाला. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. आत्याशी! एकाच मूळगावच्या, एकाच डोंगरावर पितर असलेल्या आत्याशी!

म्हणतो, सरकारनं यंदा वर्षभरापुरतं दार उघडलंय, सगोत्र जोडप्यांची लग्नं डिसेंबरअखेर नोंदून घेणार आहेत. मी म्हटलं, गोठ्याचं दार उघडं राहिलं म्हणून प्रत्येक वासरानं बाहेर धावायचं का? हा माझा थोरला नातू. उद्या मी गेलो की शरदातल्या पूजेला पितरांपुढं पहिला पेला हा ठेवणार. सगळ्या भावकीला मागं उभं करून ज्यानं वाकायचं, तो आत्येला बायको करून वाकणार? पितर तोंड फिरवतील.

जे-गुन आजोबांना वास लागलाच. ओसरीवर येऊन म्हणाले, 'थोरल्या घराला असलं शोभतं का, बाळ?' मी त्या माणसाला ओढ्यात बुचकळलंय. त्याच्यापुढं मला खाली बघावं लागलं.

मी माझं पोर तुमच्या घरी विश्वासानं पाठवलं होतं. तुम्ही 'राखण कशाला' म्हणून घोरत पडलात. हिला म्हटलं, काहीतरी बोल. तर म्हणते, 'भांडण तुम्हा किमांचं, मी चो. पंचेचाळीस वर्षं तुमच्या पितरांचा स्वयंपाक करतेय, पण मला कधी कोणी ओळीत उभं केलंय? पोरगं जेवत नाही एवढं मला दिसतं.'

शरदापूर्वी मुलीचं लग्न कुठंही लावून टाका. सांग-उक म्हणतो, तसं झालं तर तो या घरात परत पाऊल टाकणार नाही. तो तसा नाही, पण म्हणाला खरा.

किम ग्यू-हान


बुसान
१४ मे १९७८

थोरल्या घराच्या धन्यास,

पत्र मिळालं. चुकलं आमचं. डोळे असून आंधळे झालो. मी पोरीवर हात उगारला, पहिल्यांदा. तिनं गाल पुढं केला आणि म्हणाली, 'मारा आजोबा, पण दुसरीकडे देऊ नका.' मग हातच उचलेना.

आठ दिवस विचार केला. आता एक गोष्ट लिहितो, जी तुला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि उभ्या बामगोलला माहीत आहे. पन्नास-साठ वर्षं कोणी बोललं नाही हा तुमचा मोठेपणा.

माझा आजा तुमच्या घरचा गडी. त्याची आई तुमच्या स्वयंपाकघरात राबायची, बाप कोण ते कोणी सांगितलं नाही. आडनाव सोड, त्याला धड नावसुद्धा नव्हतं. दगडासारखा टिकावा म्हणून दोलसे. शेतकऱ्यांच्या बंडाच्या साली दंगलखोर आले तेव्हा तुझ्या बापाला, तीन वर्षांचं पोर होतं ते, पाठीला बांधून तो डोंगरापलीकडे घेऊन गेला. पुढं जपान्यांनी राज्य गिळायच्या आदल्या साली कारकून आला, गावातल्या प्रत्येकाला आडनाव हवं म्हणून. गडीमाणसं अंगणात रांगेनं उभी. कोणी मालकाचं आडनाव घेतलं, कोणी कारकुनाचंच घेतलं. माझ्या आज्याची पाळी आली तेव्हा तुझे पणजोबा ओसरीवरून म्हणाले, 'त्याचं किम लिहा. उनग्येचे. माझा धाकटा भाऊ आहे.' अंगणातली माणसं थक्क झाली. केवढं मन! पोराला वाचवलं त्याची अशी परतफेड कोण करतं? माझा बाप हे सांगताना दर वेळी उठून उभा राहायचा.

तेव्हापासून मी तुझा काका. कृपेनं काका, रक्तानं नाही.

मग अडचण कसली? शरदातल्या पूजेला मी येतो. सगळ्या भावकीसमोर सांगतो की आम्ही दोलसेची माणसं, तुमच्या रक्ताचा थेंब आमच्यात नाही, कुलवृत्तांतातून आमची पानं काढून टाका. मग पोरगी आत्या नाही आणि पोरगा भाचा नाही. सरकारचं दार उघडं आहेच. तुझ्या जे-गुन आजोबांनाही हरकत घ्यायला जागा राहणार नाही.

माझं काय होईल ते विचारू नकोस. नातीचा चेहरा रोज मला बघावा लागतो, तुला नाही.

एकच मागणं आहे. मी बोलेन तेव्हा तू 'हे खरं आहे' एवढं म्हण. तुझ्या शब्दाशिवाय कोणी मानणार नाही.

दोलसेचा नातू,
दॉक-बे


बुसान
३० जून १९७८

ग्यू-हान,

दीड महिना झाला, तुझी चिठ्ठी नाही. रागावला असशील तर शिव्या तरी दे. तुझ्या शिव्यांची मला सवय आहे, तुझ्या गप्प बसण्याची नाही.

समितीला मी कळवलं की शरदात येऊन सांगतो. तुझ्या जे-गुन आजोबांचं उत्तर उलट टपाली! 'सत्य बोलायला उशीर झाला तरी ते सत्यच' वगैरे. इतकं गोड पत्र त्यांनी मला जन्मात लिहिलं नव्हतं.

सांग-उक शनिवारी येत नाही. मीच बंदी घातली. पण दुकानासमोरच्या बसथांब्यावर उभा असतो. बस येते, जाते, हा चढत नाही. काल उन-सिल मला म्हणाली, 'आजोबा, त्याला आत तरी बसू द्या, लोकांना वाटेल मासळी चोरायला आलाय.' मी हसलो आणि मग आत जाऊन तोंड धुतलं.

रात्री बाप स्वप्नात येतो. काही बोलत नाही. नुसता उभा राहतो, ती गोष्ट सांगताना राहायचा तसा.

काहीतरी लिही रे.

दॉक-बे


बामगोल
१९ ऑगस्ट १९७८

दॉक-बे,

चार वेळा लिहायला बसलो. ही म्हणाली, 'काय लिहायचं ते लिहा एकदाचं, दिव्याचं तेल तुमच्या बापानं ठेवलेलं नाही.' वीज येऊन वर्षं झाली, पण टोमणा तोच.

खरं तर ठेवलंय माझ्या बापानंच. तेल नव्हे, ओझं.

तुझं मेचं पत्र वाचलं तेव्हा पहिल्यांदा, लाज वाटते सांगायला, सुटल्यासारखं वाटलं. वाटलं, झालं, वाट सापडली. दॉक-बे बोलेल, मी मान हलवेन, पोरांचं लग्न होईल, थोरल्या घराची अब्रू शाबूत. मला फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसायला काय लागतं? पण दीड महिना झाला, दोन झाले, मला 'हो' लिहवेना.

लढाईच्या दुसऱ्या हिवाळ्यात बाप गेला, तू तेव्हा बुसानला होतास. जायच्या आधी त्यानं सगळ्यांना बाहेर घालवलं आणि मला सांगितलं. त्याला त्याच्या आजोबांनी सांगितलं होतं. दोलसेच्या आईला 'बाप कोण' हे कोणी विचारलं नाही, कारण आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पणजोबांचा बाप. दोलसे पणजोबांचा सावत्र धाकटा भाऊ. स्वयंपाकघरात जन्मला म्हणून गडी झाला, एवढाच फरक. धाकट्या भावानं अंगण झाडायचं आणि थोरल्यानं ओसरीवरून बघायचं, असं पन्नास वर्षं चाललं. मग कारकून आला. पणजोबांच्या आईबापांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, तोंड धरायला कोणी उरलं नव्हतं. तेव्हा त्यांना बोलता आलं.

अंगणातल्या लोकांना वाटलं, केवढी थोरवी. अरे, ते नुसतं खरं बोलले होते. आणि लोकांनी त्याची थोरवी केली म्हणून ते खरंही पुसलं गेलं. घराची लाज झाकली जाते म्हणून कोणी ते दुरुस्त केलं नाही. बापानं मला शपथ घातली, सांगू नकोस. मी पाळली. पाळायला सोपी होती, तुला काका म्हणत होतोच की!

तेव्हा तू कृपेनं काका नाहीस. तू माझा सख्खा, रक्ताचा, एका खापरपणज्याच्या वंशातला काका आहेस. आणि तू शरदात येऊन सगळ्यांसमोर म्हणणार की थेंब नाही! आणि मी म्हणणार 'हे खरं आहे'! माझी जीभ झडेल.

आता तूच सांग काय करायचं. तू म्हणालास तर मी ओसरीवर उभा राहून सगळं सांगतो. तुझं नाव कायमचं पक्कं होईल, दगडावर कोरल्यासारखं. पण मग पोरं खरोखरच सगोत्र ठरतात. इतक्या लांबची, की रक्ताचं पाणी झालं असेल, पण सगोत्र. भावकी लग्न होऊ देणार नाही आणि माझ्यात तिच्याशी लढायची ताकद नाही, हेही खरं सांगतो. आणि हे दोघांतच ठेवून तू आधी ठरलं तेच बोललास तर पोरांचा संसार होतो आणि कुळातलं तुझं नाव जातं.

हे तुझ्यावर टाकतोय, भित्रा आहे मी. पण तुला न सांगता तुझ्याकडून ते वदवून घेणं माझ्यानं होणार नाही.

तुझा पुतण्या, खराखुरा,
ग्यू-हान


बुसान
११ सप्टेंबर १९७८

चिरंजीव ग्यू-हान,

पत्र आलं त्या दिवशी दुकान बंद ठेवलं. मुलानं विचारलं, कोणी गेलं का? मी म्हटलं, नाही, आलं.

चुसॉकच्या सणाआधी पितरांच्या थडग्यांवरचं गवत काढायला हवंच होतं, म्हणून गेल्या आठवड्यात बामगोलला येऊन गेलो. गावात आलो नाही, रागावू नकोस. पहाटेच्या बसनं उतरलो, मागच्या वाटेनं डोंगर चढलो. आज्याच्या थडग्यावरचं गवत विळ्यानं काढलं. मग वर गेलो, त्याच्या बापाच्या थडग्यापाशी, माझ्या पणज्याच्या. आयुष्यभर ते गवत मी तुमचं म्हणून काढत आलो. या खेपेला माझं म्हणून काढलं. हातात फरक पडतो रे. कंबर दुखलीच नाही.

मग बसलो तिथं. म्हटलं, बाबा, तुम्ही काही चांगले वागला नाहीत. त्या बाईला कोणी विचारलं नाही, माझ्या आज्यानं सख्ख्या भावाच्या अंगणात झाडू मारला. खूप वेळ भांडलो. एक कावळा ऐकत होता. मग तंबाखू ओढली आणि खाली उतरलो.

ठरवलंय. शरदात येतो आणि आधी ठरलं तेच बोलतो.

तू डोकं धरशील, म्हणून नीट ऐक. मेमध्ये ते मी खरं समजून बोलणार होतो. वाटत होतं, आपण कोणीच नाही हे चारचौघांत कबूल करायचं. आता ते खोटं आहे हे मला ठाऊक आहे. खोटं बोलायला काय लागतं? पंचवीस वर्षं बाजारात बसलोय, शिळी मासळी ताजी म्हणून विकलीय! आता मला कोणी काही म्हणो. मी कोण ते मला कळलं, माझ्यापुरतं भागलं.

एक दुखतं, ते लपवत नाही. मुलाला सांगता येणार नाही. नातवंडांना नाही. माझ्या मागं आमच्या घरात ते कोणाला ठाऊक नसेल. आणि डोंगरावर यापुढं मी पाहुणा. पितरांना वाटेल, हा काढून टाकलेला कोण? त्यांना कोण सांगणार? असो. एवढं चालायचं.

तू गप्प राहा. 'हे खरं आहे' म्हणू नकोस, तुझी जीभ झडायला नको. नुसती मान हलव. मान हलवायला कोणतीच शपथ आडवी येत नाही.

आणि सांग-उकला या शनिवारी जेवायला पाठव. बसथांब्यावर उभं राहून राहून त्याचे बूट झिजले.

सुखी राहा, बाळ.

दॉक-बे


बामगोल
२४ नोव्हेंबर १९७८

दॉक-बे काका,

आपण दिवसभर एकाच डोंगरावर होतो आणि एक शब्द बोलता आला नाही. संध्याकाळच्या बसला तुला पोचवायला निघालो, तर जे-गुन आजोबा माझ्या बाहीला धरून चिकटले. म्हणून हे पत्र.

तू बोललास तेव्हा मला वाटलं होतं मी खाली बघेन. नाही बघितलं, तुझ्याकडेच बघत राहिलो. आवाज एकदाही कापला नाही तुझा. बाजारात बसलेला माणूस तू. मी मान हलवली. मानेला कोणी दोरी बांधून ओढतंय असं वाटलं.

आणि मग तो जे-गुन! 'मी लहानपणापासून म्हणत होतो,' म्हणे, 'ह्याचे कान बघा. हे असे बाहेर आलेले कान उनग्ये किमांचे असतात का?' मी शेजारी उभा. माझे कान तरी कुठले मग? पूजेच्या टोपीत दडपलेले होते म्हणून, नाहीतर हलवून दाखवले असते. तू माझ्याकडे बघितलंस आणि ओठ चावलास, तेव्हा मी खोकल्याचं सोंग केलं. हीसुद्धा लांबून म्हणाली, 'यांना आजच बरा ठसका लागला.'

लग्नाचं सगळ्यांनी मान्य केलं. तोंडं वाकडी केली, पण केलं. डिसेंबरात नोंद होईल, दार बंद व्हायच्या आत. सांग-उक काल अंगणात लाकडं फोडताना गात होता. इतकं बेसूर गाणं मी आयुष्यात ऐकलं नाही, पण थांब म्हटलं नाही.

मग पूजा सुरू झाली आणि तू आपणहून ओळीतून बाहेर गेलास. तुझी जागा माझ्या डाव्या हाताला, माझ्याही पुढं, काकांच्या ओळीत. साठ वर्षं तिथं तू किंवा तुझा बाप होता. मागच्यांनी सरकून ती भरून टाकली. तू खाली, पर्सिमनच्या झाडाजवळ, जावयांच्या आणि ड्रायव्हरांच्या घोळक्यात जाऊन उभा राहिलास. राखाडी कोट, हात मागं. मला वाटलं आत्ता पेला टाकावा आणि ओरडून सगळं सांगावं. नाही सांगितलं. तू जे पणाला लावलंस ते मी उधळणार नव्हतो.

पणज्याच्या बापाच्या थडग्याशी आलो. पहिला पेला मी ठेवला. प्रार्थना वाचली. मग वाकलो, कपाळ जमिनीला. मागं सगळी भावकी वाकली, कोणाची मान वर नाही, कोणाला काही ऐकू येत नाही, सगळीकडं नुसती गुडघ्यांची कुरकुर. पितरांशी बोलायचा अधिकार तिथं एकट्या थोरल्या घराच्या धन्याला. मी तो पहिल्यांदा वापरला.

हळू आवाजात म्हटलं, 'तुमच्या धाकट्या मुलाचा, दोलसेचा नातू आलाय. ओळीत शोधू नका, तिथं नाही तो. खाली झाडाशी उभा आहे, राखाडी कोटात. आमच्या पोरांसाठी तो तुम्हाला नाही म्हणाला. तुम्ही त्याला नाही म्हणू नका.'

आणि मी कपाळ उचललं नाही. मागं कुजबुज सुरू झाली, जे-गुन खाकरला. मी तसाच होतो. तू झाडाशी उभा राहून वाकला असशील आणि तुझं वाकून होईपर्यंत मला थांबायचं होतं.

ग्यू-हान